उद्यांचा समाज आणि कालचा शिपाई

सन २०१५ च्या फेब्रुवारी महिन्यांतील गोष्ट. अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत एका सुखवस्तु वस्तींत एक गुजराथी गृहस्थ सकाळचे फिरावयास निघाले होते. वय ५७. नातवाला सांभाळण्यासाठीं ते नुकतेच भारतांतून मुलाकडे आले होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतें. ते रस्त्याच्या कडेनें चालले असतां शेजारच्या कोणीं तरी पोलिसांना कळविलें कीं, एक अनोळखी, सडपातळ, काळा मनुष्य घरांच्या आसपास हिंडत आहे. पोलीस आले, त्यांनीं प्रश्न विचारले, उत्तर मिळेना. तेव्हां एका शिपायानें त्यांना असें कांहीं खालीं पाडलें कीं, मानेला जबर दुखापत होऊन हातापायांची शक्ति गेली. त्या शिपायावर खटला झाला. दोन वेळां ज्यूरीचें एकमत होऊं शकलें नाहीं आणि अखेर २०१६ च्या जानेवारींत न्यायाधीशांनीं त्याला दोषमुक्त केलें.

ह्या हकीकतींत गुन्हा करावयास कोणीच आलेलें नव्हतें. त्या वस्तींत एक नवा चेहरा दिसला, एवढेंच काय तें घडलें होतें; आणि नवा चेहरा ओळखण्याचें पोलिसांपाशीं संशयावांचून दुसरें साधन नव्हतें. आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलेंबाळें आज परदेशीं आहेत. सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणाला आपल्याकडील आजी-आजोबा तेथें जाऊन सहा-सहा महिने राहतात. तेव्हां हा विषय आपणांस अगदींच परका नाहीं. ज्या समाजाची वस्ती झपाट्यानें पालटत आहे, त्या समाजानें आपले पोलीस कसे ठेवावेत, ह्या एकाच प्रश्नाचा आज आपण विचार करूं.

प्रथम वस्ती कशी पालटते तें पाहूं. १९६० च्या सुमारास अमेरिकेंतील शंभर माणसांपैकीं सुमारें ८५ माणसें युरोपीय वंशाचीं, गोरीं होतीं. १९६५ सालीं परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा पालटला. युरोपांतील कांहीं देशांना झुकतें माप देणारी जुनी पद्धति गेली, आणि आशिया व दक्षिणेकडील स्पॅनिश भाषेचे मुलूख यांतून माणसांचा ओघ वाढला. २०२० च्या खानेसुमारींत, स्पॅनिशभाषी घराण्यांतील लोक वेगळे धरले तर, गोऱ्यांचें प्रमाण शेंकडा ५७.८ वर आलें. अठरा वर्षांखालील मुलांत तर तें शेंकडा ४७ च्या आसपास आहे. आजच्या मुलांची गणती ही उद्यांच्या मोठ्या माणसांची गणती होय. ह्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्या देशांत कोणताच एक वंश निम्म्याहून अधिक असणार नाहीं, असा तेथील खानेसुमारी खात्याचा अंदाज आहे.

परंतु वस्ती ज्या वेगानें पालटते त्या वेगानें पोलीस खातें पालटत नाहीं. एकदां भरती झालेला शिपाई वीस-पंचवीस वर्षें नोकरींत राहतो. त्याला शिकविणारा अधिकारी त्याच्याही आधींच्या काळांतला. कोणत्या आळींत गस्त अधिक घालावयाची, कोणत्या प्रकारच्या माणसाला हटकावयाचें, ह्याचे संकेत तर त्याहूनही जुने. म्हणजे उद्यांच्या समाजाची राखण कालचा शिपाई करीत असतो. ह्या दोहोंमध्यें जें अंतर पडतें त्याचें काय होतें, हें पाहण्यास एक लहानसें गांव पुरेसें आहे.

सेंट लुई ह्या शहराच्या कुशींत फर्ग्युसन नांवाचें गांव आहे. २०१० सालीं तेथील वस्ती एकवीस हजारांच्या आसपास होती. १९९० सालीं तेथें कृष्णवर्णीय लोक शेंकडा २५ होते. २००० मध्यें ५२ झाले. २०१० मध्यें ६७. वीस वर्षांत गांवाचें रूप पार बदललें; गांवाचा कारभार मात्र होता तेथेंच राहिला. २०१४ सालीं नगराध्यक्ष गोरा, नगरसभेच्या सहा सभासदांपैकीं पांच गोरे, आणि पोलीस दलांतील चोपन्न जणांत कृष्णवर्णीय अवघे चार. त्या वर्षीं ९ ऑगस्ट रोजीं एका गोऱ्या शिपायाच्या गोळीनें मायकेल ब्राऊन नांवाचा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण ठार झाला, आणि गांव पेटलें.

अमेरिकेच्या न्यायखात्यानें मार्च २०१५ मध्यें दोन अहवाल एकदमच प्रसिद्ध केले. पहिल्यांत, त्या शिपायावर खटला भरण्याजोगा पुरावा नाहीं, असा निर्णय होता. दुसरा अहवाल साऱ्या पोलीस खात्याच्या रीतीविषयीं होता, आणि तो फार कठोर होता. हे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळीं खरे असूं शकतात, हें आपण ध्यानांत घेतलें पाहिजे. एका दिवसाच्या एका प्रसंगावर दोष ठरला नाहीं, म्हणून वर्षानुवर्षांची रीत निर्दोष ठरत नाहीं.

ती रीत कशी होती? गांवांत थांबविल्या गेलेल्या मोटारवाल्यांपैकीं शेंकडा ८५, आणि अटक झालेल्यांपैकीं शेंकडा ९३ कृष्णवर्णीय होते. थांबविल्यावर झडती घेतली जाण्याचा संभव त्यांच्या बाबतींत गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक होता. पण त्या झडतींत बेकायदा वस्तु सांपडण्याचें प्रमाण मात्र गोऱ्यांपेक्षां कमीच निघालें. म्हणजे हा संशय नुसता अन्यायाचा नव्हता. तो चोर पकडण्याच्या कामीं निरुपयोगीही होता.

ह्याच्या मुळाशीं नुसता वर्णद्वेष होता असें म्हणून भागणार नाहीं. मुळाशीं पैसाही होता. गांवानें आपला खर्च दंडांतून भागविण्याची संवय लावून घेतली होती. २०१० सालीं दंड व कोर्टाच्या फीपासून सुमारें १३ लाख ८० हजार डॉलर आले. २०१५ च्या अंदाजपत्रकांत ही रक्कम ३० लाख ९० हजार धरलेली होती. २०१३ ह्या एकाच वर्षीं तेथील कोर्टानें नऊ हजारांहून अधिक वॉरंटें काढलीं. एका बाईनें २००७ सालीं आपली मोटार चुकीच्या जागीं उभी केली, म्हणून तिला १५१ डॉलर दंड झाला. पैसे जवळ नसल्यामुळें तिच्या तारखा चुकल्या आणि दंडावर दंड चढला. सात वर्षांत तिला दोनदां अटक झाली, सहा दिवस तुरुंगांत काढावे लागले, ५५० डॉलर तिनें भरले, आणि तरीही २०१४ अखेर तिच्याकडे ५४१ डॉलर बाकी निघत होते! आपल्याकडील सावकारी व्याजाच्या गोष्टी ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्यांना हा हिशेब ओळखीचा वाटेल. ज्या वस्तीला कारभारांत आवाज नाहीं, तिच्याकडून पैसा काढणें सोपें जातें. आणि तो काढण्याचें काम शिपायाच्या गळ्यांत पडतें.

मग ह्याला उपाय काय? पहिला उपाय डोळ्यांसमोर येतो तो असा कीं, वस्ती जशी असेल तसें पोलीस दल असावें. हा प्रयोग उत्तर आयर्लंडांत पद्धतशीर झाला आहे. १९२१ मध्यें तो प्रांत वेगळा झाला तेव्हां तेथें प्रॉटेस्टंट सुमारें दोन-तृतीयांश होते, आणि पोलीस दल बहुतेक त्यांचेंच होतें. तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १९९८ चा करार झाला. त्या करारान्वयें नेमलेल्या क्रिस पॅटन यांच्या समितीनें सांगितलें कीं, नवी भरती अर्धी कॅथॉलिकांतून व अर्धी इतरांतून व्हावी. २००१ पासून २०११ पर्यंत तसें झालें. शेंकडा आठांच्या आसपास असलेले कॅथॉलिक दहा वर्षांत तिसांच्या आसपास गेले. नियम उठल्यावर मात्र ही वाढ जवळजवळ थांबली. पुढें २०२१ च्या शिरगणतींत कॅथॉलिक कुळांतील लोक शेंकडा ४५.७ व प्रॉटेस्टंट कुळांतील ४३.५ असे आढळले. वस्तीचा तराजू उलट बाजूस झुकला, पण त्या दिवशीं पूर्वींसारखा भडका उडाला नाहीं. वेळेवर केलेल्या सुधारणेचा त्यांत कांहींसा वांटा आहे, असें मला वाटतें.

परंतु चेहरे पालटले म्हणजे सर्व कांहीं पालटतें, ही समजूतही भाबडी आहे. मेंफिस शहरांत २०२३ च्या जानेवारींत पांच शिपायांनीं एका कृष्णवर्णीय तरुणाला अशी मारहाण केली कीं तीन दिवसांनीं तो मरण पावला. ते पांचही शिपाई कृष्णवर्णीय होते, आणि खात्याची प्रमुख कृष्णवर्णीय स्त्री होती. गणवेश अंगावर चढला कीं त्याच्याबरोबर खात्याच्या जुन्या संवयीही अंगांत शिरतात. म्हणून आयर्लंडांत भरतीच्या जोडीला, पोलिसांना जाब विचारणारें मंडळ आणि तक्रारींची चौकशी करणारा स्वतंत्र अधिकारीही नेमला गेला, ही गोष्ट विसरतां कामा नये.

दुसरा उपाय म्हणून हल्लीं यंत्राकडे बोट दाखवितात. यंत्राला वर्ण नाहीं, मग त्याला पक्षपात कोठला? पण यंत्र शिकतें तें जुन्या दप्तरांवरून. ज्या आळींत काल गस्त अधिक, तेथें अटका अधिक. आणि अटका अधिक म्हणून यंत्र सांगणार कीं उद्यांही तेथेंच जा. कॅलिफोर्नियांतील सांता क्रूझ गांवानें असें भाकीत करणारें यंत्र २०११ मध्यें वापरावयास घेतलें, आणि २०२० मध्यें त्यावर कायद्यानें बंदी घातली. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांची अमेरिकेच्या सरकारी प्रमाण-संस्थेनें २०१९ मध्यें परीक्षा केली. पुष्कळशा यंत्रांत आशियाई व कृष्णवर्णीय माणसांच्या बाबतींत भलत्यालाच ओळखण्याची चूक गोऱ्यांच्या मानानें कितीतरी पटींनीं अधिक निघाली. कांहींत तर ती शंभर पटींपर्यंत होती. अलाबामांतल्या त्या शेजाऱ्याचा डोळाच जणूं यंत्रांत बसविला गेला!

हें सारें ऐकून कोणी म्हणेल कीं, हे दोष परक्यांचे आहेत. तसें नाहीं. आयर्लंडला धाकांत ठेवण्यासाठीं जें सशस्त्र दल इंग्रजांनीं उभारलें होतें, त्याच्याच नमुन्यावर १८४३ नंतर सिंधमध्यें पोलीस दल बांधलें गेलें, आणि त्याची छाया १८६१ च्या आपल्या पोलीस कायद्यावर पडली. त्यापुढें दहा वर्षांनीं, १८७१ सालीं, जन्मावरूनच माणसाला गुन्हेगार ठरविणारा कायदा ह्या देशांत झाला. पुढें तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड त्या जमातींची वसाहत वसविली गेली. १९५२ मध्यें सबंध देशांतून तो कायदा गेला. पण गांवांत चोरी झाली कीं प्रथम पारध्यांच्या पालाकडे वळणारी पावलें अद्यापि पुरतीं थांबलेलीं नाहींत. कायदा एका दिवसांत रद्द करतां येतो, संवय नाहीं.

पोलीस नकोतच, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. चोराचा व गुंडाचा उपद्रव सर्वांत अधिक गरीब वस्तीलाच होतो, आणि न्यायानें वागणाऱ्या शिपायाची गरजही तिलाच सर्वांत अधिक. परंतु शिपाई कसा आहे हें केवळ त्याच्याकडे पाहून कळावयाचें नाहीं. त्याला कोण नेमतें, त्याचा खर्च कोणाच्या खिशांतून निघतो, आणि तो चुकला तर त्याला जाब कोण विचारतें, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. फर्ग्युसनमध्यें ह्या तिहींचीं उत्तरें गांवाच्या बहुसंख्य लोकांच्या हातीं नव्हतीं; आणि तेथील मतदानालाही फारच थोडे लोक जात. एप्रिल २०१५ मध्यें मतदान पूर्वींपेक्षां पुष्कळ वाढलें, आणि सहा जणांच्या नगरसभेंत तीन कृष्णवर्णीय सभासद झाले. २०२० मध्यें त्याच गांवानें एका कृष्णवर्णीय स्त्रीला प्रथमच नगराध्यक्ष निवडलें. एवढ्यानें सर्व दुःखें मिटलीं असें नाहीं. पण गस्तीवर निघणाऱ्या शिपायाला आतां हें ठाऊक असतें कीं, आपण ज्यांना हटकतों त्यांचीच माणसें आपल्याला जाब विचारणाऱ्यांतही बसलेलीं आहेत.

आपलीं शहरेंही रोज पालटत आहेत. आपल्या इमारतीच्या दारांतून उद्यां एखादा अनोळखी म्हातारा, आपली भाषा न येणारा, हळूहळू चालत जाईल. पोलिसांना कळविण्यासाठीं हात पुढें करण्यापूर्वीं एकदां त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहावें. तो बहुधा कोणाचा तरी आजोबा असेल.