मुरगावची जर्मन जहाजं

कॅम्पातल्या मंडळींना लष्कराच्या गोष्टी नव्या नाहीत. आज लोंढ्यावरून रेल्वेनं मुरगावला उतरू! १९१४ ला महायुद्ध पेटलं आणि जर्मन मालवाहू जहाजं तटस्थ पोर्तुगालच्या बंदरांत लपली, त्यांत गोव्याचं मुरगावही. ब्रिटनला जहाजांची भीषण टंचाई. त्यांनी १३७३ पासूनच्या मैत्रीचा हवाला देत पोर्तुगालला ती ताब्यात घ्यायला लावली. फेब्रुवारी १९१६ मध्ये लिस्बनला जप्ती सुरू झाली. ९ मार्चला जर्मनीनं युद्ध पुकारलं. पुढे यातली बरीचशी जहाजं पोर्तुगालनं ब्रिटनलाच भाड्यानं दिली. जहाज जर्मनांचं, भाडं पोर्तुगालला, माल दोस्तांचा! मला तरी हा सौदा ब्रिटनच्याच फायद्याचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात मात्र पोर्तुगाल तटस्थच राहिला, त्यामुळे १९४३ ला, पुन्हा ९ मार्चलाच, ब्रिटिशांनी मुरगावात ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर चोरून छापा घातला.