चिनी आहारातील समतोल आणि आपली ऊनोदरी

जळगाव-धुळ्यात सायंकाळी ‘चायनीज’च्या गाड्यांभोवती आपल्याही घरांतील मुले दिसतात. कांदा-लसूण न घातलेले ‘जैन मंचुरियन’ आता सर्रास मिळते. मात्र हा पदार्थ चीनमधून आलेला नाही. कोलकात्याच्या चिनी कुटुंबात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी तो १९७५ साली मुंबईत प्रथम केला, असे सांगितले जाते. चिनी घरातील रोजचे भोजन याहून पुष्कळ निराळे आणि साधे असते.

त्या भोजनाचे दोन भाग असतात : ‘फान’ म्हणजे शिजवलेले धान्य आणि ‘त्साय’ म्हणजे त्यासोबतचे भाजी आदी पदार्थ. दक्षिणेत भात, उत्तरेत गव्हाचे पदार्थ. परंतु जेवणाचा आधार धान्याचाच. भाजी-भाकरीवर पोसलेल्या खानदेशाला हा विचार परका वाटू नये. तेथील बौद्ध मठांच्या पाकशाळेत तर मांसाबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो.

दुसरे तत्त्व उष्ण-शीत यांच्या मेळाचे. शीत गुणाच्या पदार्थाला आल्याची जोड देतात, उन्हाळ्यात मुगाचे पातळ कढण पितात. आपल्याकडे आले कंदमूळ म्हणून वर्ज्य. त्याचे काम सुंठ करते. चैत्रातील आयंबिल ओळीत तूप, तेल, दूध, दही, साखर यांचा त्याग असतो, तेव्हाही ताटात मूग असतोच. मे महिन्यात येथील पारा अनेकदा ४३ अंशांपुढे जातो. अशा दिवसांत तळलेल्या, मसालेदार पदार्थांपेक्षा मुगाचे कढण पोटाला हलके पडते.

तिसरे तत्त्व प्रमाणाचे. पोट दहा भाग मानले, तर सात भाग भरताच थांबावे, असा चिनी लोकांत जुना संकेत आहे. आपल्या सहा बाह्य तपांतील ऊनोदरी हेच शिकवते : भुकेपेक्षा थोडे कमी खावे. अर्थात, आपल्याकडे त्यामागे आरोग्याबरोबर रसनेवरील संयमाचीही दृष्टी आहे.

पाटीवरील ‘जैन’ हा शब्द फक्त पदार्थांतील जिन्नस सांगतो. वेळ आणि प्रमाण त्यात येत नाही. मुलांना चव हवी असेल, तर सिमला मिरची आणि मक्याचे दाणे थोड्या तेलात मोठ्या आचेवर परतून, भातासोबत, सूर्यास्तापूर्वी घरीच वाढावेत. हौस भागेल आणि चौविहारही सांभाळला जाईल.