ट्रक उलटला की माल काय करतो

किनगावची रात्र

१५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्री जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, किनगावजवळ पपईने भरलेली गाडी उलटली. त्या पपईवर मजूर बसलेले होते. रावेर, आभोडा, केऱ्हाळा भागातली ही माणसे घरी परतत होती. किमान १५ जण गेले. त्यांत बायका होत्या, लेकरे होती.

पपई मऊ फळ. पण अंगावर पडली की एक टन पपई आणि एक टन विटा यांच्या वजनात फरक नसतो. छातीवर भार आला की बरगड्या हलत नाहीत, श्वास आत जात नाही. बाहेरून मोठी जखम दिसत नसतानाही माणूस काही मिनिटांत दगावतो. म्हणून मालाखाली कोणी असल्याची शंका आली की क्रेनची वाट बघत थांबू नये. हाताने, वरच्या बाजूने माल काढत जावे आणि आधी तोंड आणि छाती मोकळी करावी.

खान्देशात आयशरच्या मागे मालावर बसलेली माणसे रोज दिसतात. भराई संपेपर्यंत रात्र होते, शेवटची एसटी निघून गेलेली असते. ही माणसे हौसेने तिथे बसत नाहीत. तोडणी-भराईचा दर ठरतानाच मजुरांच्या परतीच्या गाडीचे भाडे त्यात धरायला हवे, असे मला ठामपणे वाटते.

गाडी उलटते कशी

माल जितका उंच रचलेला, तितका गाडीचा तोल नाजूक. त्यात माल सरकणारा असेल तर वळणावर तो एका बाजूला जातो आणि गाडीला सोबत ओढतो. केळीचे घड आणि सुटी फळे हा त्यातलाच माल. टँकरचे आणखी वेगळे. पूर्ण भरलेल्या टँकरपेक्षा अर्धा भरलेला अनेकदा जास्त धोक्याचा, कारण आतले द्रव हेलकावे खाते.

उतारावर वजनाचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापत गेले की त्यांची पकड सुटते. मुंबई-आग्रा महामार्गावर सेंधव्याकडून बिजासन घाट उतरला की शिरपूर तालुक्यातले पळासनेर लागते. तिथे ४ जुलै २०२३ रोजी ब्रेक निकामी झालेला कंटेनर आधी इतर वाहनांना धडकला आणि मग रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. दहा जणांचा जीव गेला.

जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. माल बाजूला, मागे किंवा ठरलेल्या उंचीबाहेर गेला तरी २०,००० रुपये.

रस्त्यावर पसरलेला माल

खरी गफलत इथे होते. गाडी आडवी झाली, चालक वाचला, म्हणजे संकट टळले असे वाटते. पण ठेचलेल्या केळीवरून, डिझेलवरून किंवा खाद्यतेलावरून दुचाकी सरळ जाऊच शकत नाही. तेलावर पाणी मारले तर ते आणखी पसरते; त्यावर कोरडी वाळू, माती किंवा लाकडाचा भुसा टाकावा. मात्र डंपरमधून वळणावर सांडलेली कोरडी वाळू स्वतःच चाक घसरवते, ती झाडूनच काढावी लागते. राखेचा बल्कर फुटला तर आधी धुरळ्याने समोरचे दिसत नाही, आणि पाऊस आला की त्याच राखेचा निसरडा चिखल होतो.

कापसाच्या गाडीला आग लागली तर वरची ज्वाला विझल्यावरही गाठींच्या पोटात निखारा धुमसत राहतो. अशी गाडी विझली म्हणून सोडून जाता येत नाही.

मग गर्दी जमते. कोणी मदतीला, कोणी माल उचलायला. चालक केबिनमध्ये अडकलेला असताना लोक पोती उचलून नेतात, याची मला मनापासून चीड येते. आणि अंधारात रस्त्यावर वाकलेली ही माणसे मागून येणाऱ्या दुसऱ्या ट्रकला दिसतही नाहीत.

टँकर असेल तर

पाकिस्तानात अहमदपूर पूर्वजवळ २५ जून २०१७ रोजी तेलाचा टँकर उलटला. आसपासच्या गावांतले लोक बादल्या, डबे घेऊन सांडलेले इंधन भरायला धावले. भडका उडाला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत जाते आणि दूरच्या चुलीपाशी किंवा बिडीपाशी पेट घेते. स्वयंपाकाचा गॅसही असाच खाली बसतो. नाला, गटार, विहीर यांत साचतो.

म्हणून वारा आपल्या पाठीवरून टँकरकडे वाहत असेल अशा बाजूला, उंचावर जावे. गाडी चालू करू नये, काडी ओढू नये. धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर माहितीची पाटी लावणे नियमाने सक्तीचे आहे. तिच्यावर मालाचे नाव, चार आकडी क्रमांक आणि संपर्काचा फोन असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ स्वयंपाकाचा गॅस, १८३० गंधकाम्ल. पाटी वाचायला जवळ जाऊ नये. मोबाइलने दुरून मोठी करून पाहावी. ११२ वर फोन करून ठिकाण, वाऱ्याची दिशा आणि हा क्रमांक सांगावा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ आहे. पेट्रोलची आग विझवायला फेस लागतो, नुसते पाणी चालत नाही. त्यामुळे तो चार आकडी क्रमांक आधी कळला तर अग्निशमनाची गाडी योग्य सामान घेऊन निघते.