व्हेंटिलेटरवरचा पेशंट उठून बसतो तेव्हा

श्वासनळीत नळी, हाताला सलाइन, आणि तरीही पेशंटला पलंगाच्या कडेला बसवताहेत! आयसीयूच्या काचेतून हे पाहणाऱ्या नातेवाइकांच्या काळजात धस्स होतं. पडून राहू द्या की त्यांना, असं वाटणं अगदी साहजिक.

पण पडून राहणं फार महागात पडतं. लंडनच्या संशोधकांनी गंभीर रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीने मोजला. दहा दिवसांत त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी घटलं होतं. हा अभ्यास २०१३ मधला.

त्याआधी, २००९ मध्ये शिकागो आणि आयोवातल्या १०४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हेंटिलेटर चालू असतानाच, गुंगीचं औषध रोज काही वेळ थांबवून, एका गटाचा व्यायाम सुरू झाला. आधी पडल्या पडल्या हातपाय हलवायचे, मग बसायचं, उभं राहायचं, जमलं तर चालायचं. रुग्णालयातून सुटताना या गटातले ५९ टक्के रुग्ण अंघोळ, कपडे, जेवण स्वतःचं स्वतः करत होते. दुसऱ्या गटात ३५ टक्केच. भ्रमिष्टपणाचे दिवसही निम्म्यावर आले.

मात्र घाई नको. पक्षाघाताच्या २,१०४ रुग्णांवरच्या २०१५ च्या चाचणीत पहिल्या २४ तासांतच भरपूर उठबस सुरू केलेला गट उलट मागे पडला. म्हणून फिजिओथेरपिस्टचा एक हात रुग्णाच्या पाठीशी असतो आणि डोळे मॉनिटरवर: नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन.

आपलं माणूस आयसीयूत असेल, तर त्याला परस्पर उठवू नका. पण ‘आज त्यांना बसवता येईल का?’ हे डॉक्टरांना रोज विचारा.