धरणारे हात

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाला शेजारच्या वहिनी धावतच आल्या. "ताई, चला हो, हा आवरेना मला!" त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा तीन रात्री झोपला नव्हता. 'मला मारायला माणसं आलीत', एवढंच घोकत होता. कसंबसं रिक्षात बसवून त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं.

दारातला खाकी गणवेश पाहिला आणि तो बिथरलाच. दोन सुरक्षारक्षक धावले. एकाने मान दाबली, दुसऱ्याने पाठीत गुडघा रोवला. "सोडा, श्वास अडकतोय," पोरगा ओरडत होता. बघ्यांची ही गर्दी! वहिनी रडत म्हणाल्या, "अहो, लेकरू आजारी आहे माझं. चोर नाहीये तो!"

तेवढ्यात एक वयस्कर रक्षक आला. आधी त्याने गर्दी पांगवली, त्या दोघांना बाजूला केलं आणि स्वतः दोन हात अंतरावर फरशीवर बसला. "दादा, मी हात नाही लावणार तुला. पाणी पितोस?" दहा मिनिटं हेच चाललं. शेवटी पोरगा पाणी प्यायला आणि आपल्या पायांनी आत गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्या काकांना गाठलं. म्हणाले, "भाऊ असाच आजारी होता माझा, म्हणून कळतं. आम्हाला गेट सांभाळायला शिकवतात, असा पेशंट कसा सांभाळायचा ते कोण शिकवतंय? त्या पोरांनाही भीती वाटते हो. एकाला मागच्या महिन्यात पेशंट कडकडून चावला होता." मला राग आला होता तो त्या दोघांचा. आता वाटलं, चूक त्यांना न शिकवताच उभं करणाऱ्यांची जास्त आहे.

मैत्रिणींनो, कधीकधी धरावं लागतं, हे खरंच आहे. पण छातीवर, पाठीवर भार देऊन पालथं दाबलं तर माणूस गुदमरून जीवही जाऊ शकतो. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा याबाबत स्पष्ट आहे. रुग्णाला किंवा दुसऱ्याला तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि दुसरा उपायच नसेल, तरच बांधायचं; तेही मानसोपचार तज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरतंच. कारण आणि वेळ केसपेपरवर लिहायची. शिक्षा म्हणून नाही, कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायचं. साखळदंडाला तर पूर्ण बंदी. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्या आगीत दगावले. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

म्हणून अशी वेळ आली तर गप्प उभ्या राहू नका. "कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं? केसपेपरवर लिहिलंय का?" असं शांतपणे विचारा. पाठीवर कुणी बसू नका, असं ठणकावून सांगा. घरातलं ओळखीचं एक माणूस रुग्णाच्या नजरेसमोर राहू द्या. आणि वेळ इथवर येण्याआधीच १४४१६ या 'टेलिमानस'च्या मोफत क्रमांकावर सल्ला घ्या.

वहिनींचा मुलगा आता गोळ्या वेळेवर घेतो, दुकानातही बसतो. त्या रात्रीचं त्याला फारसं आठवत नाही. पाणी देणारे काका मात्र आठवतात. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन तो स्वतः त्यांना भेटून आला.