एसयूव्ही मोटारगाडीतील किरकोळ दोष : प्रेषण व काचांवरील संघनन

चारही चाकांना शक्ती पुरविण्याची सोय असलेल्या, उंच बांधणीच्या आणि प्रवासी मोटारगाडीच्या सर्व सुखसोयींनी युक्त अशा वाहनास सामान्यतः आलिशान एसयूव्ही म्हणतात. असे वाहन बंद न पाडता चालकास सतत त्रास देणारे जे दोष आढळतात, त्यांत स्वयंचलित प्रेषणाचे (एंजिनाची शक्ती चाकांकडे नेणाऱ्या यंत्रणेचे) हिसके व विलंब आणि काचांवर धरणारे बाष्प हे दोन प्रमुख होत. वरकरणी त्यांचा परस्परांशी संबंध दिसत नाही. परंतु दोन्हींचे मूळ बहुधा द्रवाच्या स्थितीत (एकीकडे तेलाच्या, दुसरीकडे पाण्याच्या) आणि तापमानातील फरकात असते. म्हणून दोष केव्हा, कोणत्या तापमानास व कोणत्या क्रियेनंतर उद्‌भवतो याची नोंद हे निदानाचे पहिले साधन असून सुटे भाग बदलणे हे शेवटचे होय.

चारचाकी चालन आणि स्वयंचलित प्रेषण यांचा संयोग अमेरिकेत १९६२ च्या अखेरीस बाजारात आलेल्या जीप वॅगनीअर या गाडीत प्रथम मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाला. ब्रिटनमधील रेंज रोव्हर ही गाडी १९७० मध्ये आली तेव्हा तिची अंतर्गत सजावट साधी व गिअर हाताने बदलावयाचे होते. तीत स्वयंचलित प्रेषणाची सोय १९८२ मध्ये झाली. जर्मनीतील झेडएफ या कंपनीने २००१ मध्ये सहा व २००९ मध्ये आठ गतींची स्वयंचलित गिअर पेटी प्रचारात आणली आणि त्यानंतर अनेक कंपन्यांच्या आलिशान एसयूव्हींत या पेट्या वापरल्या गेल्या. यांत्रिक कामे स्वयंचलित होत गेली, तसतसा चालकाचा यंत्राशी असलेला प्रत्यक्ष संबंध कमी झाला. क्लच घसरत असल्याचे पायाला जाणवणे किंवा हवेची झडप हाताने उघडणे बंद झाल्यामुळे दोषाचे साधे कारणही दृष्टीआड राहते.

स्वयंचलित प्रेषणातील दोष : या प्रेषणात टॉर्क परिवर्तक, ग्रहमाला पद्धतीची दंतचक्रे, त्यांना पकडणारे बहुचकती क्लच आणि क्लचांकडे दाबाखालील तेल सोडणारे झडपांचे ठोकळे असतात. झडपा विद्युत् परिनालिकांनी हलतात व परिनालिकांना इलेक्ट्रॉनीय नियंत्रक आज्ञा देतो. तेल येथे केवळ वंगण नसते; दाब पोहोचविणे, उष्णता वाहून नेणे व क्लचांतील घर्षण ठरावीक मर्यादेत ठेवणे ही कामेही तेच करते. यामुळे तेलाची पातळी, तापमान व वय यांतील थोडासा फरकही गाडीच्या चालीत उमटतो.

(१) सकाळी प्रथम गाडी सुरू केल्यावर पुढचा किंवा मागचा गिअर पडण्यास एकदोन सेकंद लागतात. गाडी बराच काळ उभी राहिल्यास परिवर्तकातील काही तेल खालच्या कुंडात उतरते व थंड तेल घट्टही असते. असा विलंब फक्त पहिल्या वेळी होत असेल, तर तो बहुधा दोष नसतो. गाडी तापल्यावरही तो कायम राहिल्यास मात्र प्रथम तेलाची पातळी पाहावी. (२) गाडी थांबता थांबता दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर येताना हिसका बसतो. क्लच भरण्यास लागणारा वेळ नियंत्रक अनुभवाने ‘शिकत’ असतो; क्लच झिजल्यावर किंवा तेल बदलल्यावर जुनी मूल्ये लागू पडत नाहीत. ती पुसून गाडी ठरावीक पद्धतीने चालविल्यास हिसका पुष्कळदा नाहीसा होतो. (३) मध्यम वेगाने, हलक्या भाराखाली जाताना खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवते. परिवर्तकातील बंधक क्लच अर्धवट पकडीत असताना तेलाचे घर्षणगुण उतरलेले असल्यास असे होते. ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरला असता किंवा ब्रेकच्या पट्टीला हलका स्पर्श केला असता थरथर तत्क्षणी थांबली, तर संशय एंजिनापेक्षा या क्लचावर अधिक जातो. (४) मागच्या गिअरवरून पुढच्यावर येताना ‘टक्‌’ असा आवाज येतो. याचे कारण पुष्कळदा पेटीत नसून चालक दंडाच्या सरकत्या सांध्यातील कोरडेपणात किंवा आधाराच्या झिजलेल्या रबरात असते. (५) तीव्र वळणावर गाडी अडल्यासारखी वाटते. चार टायरांची झीज असमान असल्यास त्यांचे परिघ भिन्न होतात व पुढील आणि मागील चाकांत शक्ती वाटणाऱ्या पेटीतील क्लच सतत घसरत राहून तापतो. म्हणून टायरांची खोली मोजणे ही पेटी उघडण्यापूर्वीची पायरी होय.

तेलाची पातळी पाहणे सोपे वाटते. पण चुका येथेच अधिक होतात. अनेक आधुनिक पेट्यांना मापनपट्टी नसते. झेडएफच्या सहा गतींच्या पेटीत गाडी समपातळीवर व एंजिन चालू ठेवून, तेल ३०° ते ५०° से. या दरम्यान असताना भरणछिद्रातून ते किंचित ओघळू लागेपर्यंत भरावे लागते. तेल तापल्यावर प्रसरण पावत असल्याने गरम पेटीत केलेले मापन पुरेसे दिसले, तरी प्रत्यक्षात तेल कमी असू शकते. याच मालिकेतील पेटीत विजेची जोडणी जेथून आत जाते तेथील नळीच्या रबरी कड्या कालांतराने कडक होतात व तेल थेंबाथेंबाने झिरपते. जमिनीवर पडणारा एखादा थेंब आणि सकाळचा हिसका यांचा संबंध त्यामुळे लक्षात घ्यावा लागतो. काही गाड्यांच्या पुस्तिकांत तेल ‘आजन्म’ पुरेल असे म्हटलेले असते. तथापि पेटी बनविणारी झेडएफ कंपनी सु. ८०,००० ते १,२०,००० किमी. किंवा आठ वर्षे यांपैकी जे आधी येईल तेव्हा ते बदलण्याची शिफारस करते.

इलेक्ट्रॉनीय नियंत्रकातील दोषसंकेत वाचणे आवश्यक असले, तरी संकेत म्हणजे निदान नव्हे. विद्युत् घटमाला दुर्बल झाली असता एंजिन सुरू होण्याच्या क्षणी विद्युत् दाब घसरतो आणि प्रेषण, निलंबन, ब्रेक अशा अनेक यंत्रणांचे संकेत एकाच वेळी नोंदले जातात. म्हणून प्रथम घटमाला तपासून, संकेत पुसून, ते पुन्हा उमटतात काय हे पाहणे इष्ट ठरते.

काचांवरील संघनन : काचेचे तापमान तिला लागलेल्या हवेच्या दवबिंदूपेक्षा खाली गेले की, हवेतील बाष्प सूक्ष्म थेंबांच्या रूपाने काचेवर धरते. संपृक्त हवेत २०° से. ला दर घ. मी. मध्ये सु. १७ ग्रॅ., तर ५° से. ला सु. ७ ग्रॅ. बाष्प राहू शकते. स्वस्थ बसलेला माणूस श्वास व त्वचा यांवाटे तासाला सु. ४० ते ७० ग्रॅ. बाष्प बाहेर टाकतो. मोठ्या एसयूव्हीच्या आतील हवा जेमतेम ३ ते ४ घ. मी. असल्यामुळे चार प्रवासी बसलेल्या बंद गाडीत थंड काचा धुरकटण्यास काही मिनिटे पुरतात. धुरकटलेली काच ही केवळ गैरसोय नव्हे. समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश थेंबांमुळे विखुरतो व रस्ता ओलांडणारी व्यक्ती दिसेनाशी होते.

बाष्प काचेच्या कोणत्या बाजूस आहे हे प्रथम बोटाने पुसून पाहावे, कारण दोहोंचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. थंडीत ते आतील बाजूस धरते. अशा वेळी बाहेरील हवा आत घ्यावी, वातानुकूलन चालू ठेवावे व गरम झोत समोरच्या काचेवर सोडावा. वातानुकूलन यंत्राच्या थंड बाष्पित्रावर हवेतील पाणी ठिबकून जाते आणि हवा कोरडी होते. तीच हवा नंतर तापविल्यास तिची बाष्प शोषण्याची क्षमता वाढते. मात्र बाहेरील तापमान गोठणबिंदूच्या जवळ आले की, बहुतेक गाड्यांतील संपीडक आपोआप बंद राहतो व हा लाभ मिळत नाही. याउलट कोकण व मुंबई येथील पावसाळी हवेत, म्हणजे सु. २७° से. तापमान व ९० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना, दवबिंदू सु. २५° से. असतो. थंड झोत काचेवर पडत असल्यास काच त्याखाली जाते व बाष्प बाहेरील बाजूस धरते. येथे झोत काचेवरून काढून घेणे, आतील तापमान थोडे वाढविणे व पुसणी फिरविणे हाच उपाय होय. वातानुकूलन चालू असता एकाएकी बंद केल्यास बाष्पित्रावरील ओलावा हवेत मिसळून आतील काच क्षणात धुरकटते. हा यंत्राचा बिघाड नव्हे.

आतील बाष्प नित्याचे झाल्यास पाण्याचा स्रोत शोधावा लागतो. हवा आतल्या आत फिरविण्याची कळ चालू राहिली आहे काय, हवेची गाळणी तुंबली आहे काय आणि काचेच्या आतील बाजूस धूर वा प्लॅस्टिकच्या वाफांचा तेलकट थर आहे काय, हे आधी पाहावे. त्यानंतर सरकत्या छपराच्या चौकटीतून खाली जाणाऱ्या निचरानळ्या, समोरच्या काचेखालची पन्हळ आणि वातानुकूलनाची ठिबकनळी तपासावी. छपराच्या पन्हळीत पेलाभर पाणी हळूहळू ओतले असता ते चाकाजवळ बाहेर न आल्यास नळी पानांनी किंवा धुळीने तुंबली आहे असे समजावे. जोराच्या दाबाची हवा सोडल्यास नळी सांध्यातून निसटण्याचा धोका असतो. लवचिक तार हलकेच फिरविणे अधिक सुरक्षित असते. आलिशान गाडीच्या गालिच्याखाली आवाज शोषणारा जाड फोम असतो व तो कित्येक लिटर पाणी धरून ठेवतो. त्यामुळे वरचा गालिचा हाताला कोरडा लागला, तरी तो उचलून खाली टिपकागद दाबून पाहावा. काही गाड्यांत नियंत्रक व तारांच्या जोडण्या आसनाखाली किंवा गालिच्याखाली बसविलेल्या असतात. तेथे पाणी पोहोचल्यास काचेवरील बाष्पाने सुरू झालेला त्रास विद्युतीय बिघाडात परिणत होतो.

दोन्हींना जोडणारी कारणे : एंजिनाचे शीतक हे पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण असून ते गाडीच्या आतील तापकातून व पुष्कळदा प्रेषणतेल थंड करणाऱ्या शीतकातूनही फिरते. तापकास सूक्ष्म गळती लागल्यास समोरच्या काचेवर पुसूनही जाण्यास कठीण असा चिकट थर येतो, गोडसर वास येतो व शीतकाची पातळी घटते. तेलशीतकाची आतील भिंत फुटल्यास ग्लायकॉल प्रेषणतेलात मिसळते. तेल गुलाबी दुधासारखे दिसते आणि क्लचांवरील घर्षण अस्तर सुटू लागते. पाणी शिरण्याची आणखी एक वाट म्हणजे गिअर पेटीची श्वासनळी. तापलेली पेटी ओढ्याच्या किंवा पुराच्या पाण्यात अकस्मात थंड झाली की, आतील हवा आकुंचन पावते व नळीचे तोंड पाण्याखाली असल्यास पाणी आत ओढले जाते. म्हणून पुरातून नेलेल्या गाडीचे प्रेषणतेल, ती व्यवस्थित चालत असली, तरी तपासावे लागते.

निदानाचा क्रम : त्रास उद्‌भवतो ती परिस्थिती लिहून ठेवावी, तीच परिस्थिती पुन्हा निर्माण करून पाहावी, स्वस्त व सहज उघडता येणारी कारणे आधी निकालात काढावी, आणि एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केल्यास त्रास गेला, तरी कारण कळत नाही व तो परतल्यावर शोध पुन्हा आरंभापासून करावा लागतो. मोटारचालकास ज्या दोषाचा महिनोन्‌महिने त्रास होतो, त्याचे कारण कित्येकदा एखादी तुंबलेली नळी किंवा अर्धा लिटर कमी असलेले तेल एवढेच निघते. उलट संपूर्ण गिअर पेटी बदलूनही घटमाला दुर्बल असेल, तर तोच संकेत परत उमटतो. तथापि ‘किरकोळ’ या विशेषणास मर्यादा आहे. प्रेषणतेल काळे पडून जळका वास येणे, त्यात धातूचे कण दिसणे किंवा ते दुधाळ होणे, तसेच शीतकाची पातळी वारंवार घटणे यांपैकी एकही चिन्ह आढळल्यास गाडी चालवू नये. ती ओढून कार्यशाळेत न्यावी.