थेट प्रक्षेपणाची आणेवारी

गायकाच्या चेहऱ्याकडे पाहण्याआधी त्याच्या वाद्यातून निघालेली विजेची तार कोठवर जाते हे पाहण्याची खोड मला तरुणपणी लागली आणि ती आजतागायत सुटलेली नाही. गिरगावातल्या एका वाडीच्या गणेशोत्सवात जो वाद्यवृंद दरवर्षी येई, त्याच्या ॲम्प्लिफायरपाशी बसून खटके फिरविण्याचे, तारा गुंडाळण्याचे आणि पावसाची सर आली की ताडपत्री ओढण्याचे बिनपगारी काम माझ्याकडे असे. त्या कामात मनुष्य एवढे निश्चित शिकतो की, रंगमंचावर जे दिसते आणि कर्ण्यातून जे ऐकू येते त्या दोहोंमध्ये एक लांबलचक, अनेक सांध्यांचा मार्ग असतो, आणि त्यातला एखादा सांधा निसटला तर प्रत्यक्ष तानसेनही मुका ठरेल.

गेल्या पावसाळ्यात या खोडीला पुष्कळ दिवसांनी खाद्य मिळाले. गुडघ्याच्या दुखण्याने घरात स्थानबद्ध झालो असता, लिव्हरपूलच्या बीटल्स या चौकडीची १९६२ ते १९६९ या काळातली पडद्यावरची जी दर्शने हाती लागली, ती तारीखवार लावून, कानांवर हेडफोन चढवून, एकेक प्रसंग चार-चार वेळा पाहण्याचा क्रम मी महिनाभर चालविला. आमच्या पिढीने ही मंडळी ऐकली, पाहिली नाहीत. कारण मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि तोवर चौकडी मोडून दोन वर्षे उलटून गेली होती. त्यामुळे जे दृश्य विलायतेतल्या आणि अमेरिकेतल्या माणसांनी दिवाणखान्यात बसून तरुण डोळ्यांनी पाहिले, ते मी म्हाताऱ्या डोळ्यांनी, पण कारकुनाच्या चिकाटीने पाहिले.

पाहताना जी पद्धत मी अवलंबिली तिला आणेवारी म्हणावे. शेत बांधावरून हिरवे दिसते म्हणून पीक सोळा आणे धरावयाचे नसते. कणसात दाणा किती भरला आहे ते हाताने चाचपून मगच दप्तरात आकडा चढवावयाचा असतो. दूरचित्रवाणीवर ‘थेट’ म्हणून जे गाणे दाखविले जाते त्याचेही तसेच आहे. गिटारीला तार जोडलेली आहे काय. झांजेवर काठी पडते त्याच क्षणी झांज वाजते काय. गायकाने मान फिरवली, तोंड ध्वनिक्षेपकापासून हातभर दूर गेले, तरी आवाज जसाच्या तसा भरदार राहतो काय. दोन ओळींच्या मध्ये श्वास ऐकू येतो काय, या चार गोष्टी पाहिल्या की गाण्यात थेटपणा किती आणे उतरला आहे याचा अदमास बहुधा चुकत नाही. लबाडी पकडण्याचा हा उद्योग नव्हे. गाणे पूर्ण थेट असावे की नसावे हे गाणाऱ्याच्या इच्छेपेक्षा यंत्रसामग्री, वेळापत्रक, करारमदार आणि कामगार संघटना यांच्यावरच अधिक अवलंबून होते, हे त्या महिनाभरात मला पटत गेले.

मालिकेच्या आरंभी जे आहे ते कसाला पूर्ण उतरणारे आहे. लिव्हरपूलच्या कॅव्हर्न नावाच्या तळघरात २२ ऑगस्ट १९६२ रोजी ग्रॅनडा कंपनीने घेतलेले ते चित्रण आहे. रिंगो स्टार त्यापूर्वी चारच दिवस चौकडीत दाखल झालेला, आणि गाणे संपता संपता गर्दीतला कोणी एक जण आधी ढोल वाजविणाऱ्या आणि काढून टाकलेल्या पीट बेस्टच्या नावाने ओरडतो तो आवाजही फितीत उतरलेला. अंधार, दमट भिंती आणि फाटका ध्वनी यांमुळे हे चित्रण त्या वेळी प्रक्षेपणास नालायक ठरले, आणि चौकडीची कीर्ती होईपर्यंत दप्तरी पडून राहिले. त्याच वर्षीच्या १७ ऑक्टोबरला मँचेस्टरहून त्यांचे दूरचित्रवाणीवर पहिले थेट दर्शन झाले; त्याची मात्र प्रतच उरलेली नाही. सगळ्यांत अस्सल पिकाचा सातबाराच हरवावा, असा हा प्रकार आहे.

मधले वर्ष सोडून देतो, कारण १९६३ ची कथा सर्वश्रुत आहे. ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात जे घडले त्याविषयीही सात कोटी तीस लक्ष प्रेक्षकांचा आकडा पुढे करून इतके लिहिले गेले आहे की, लोकांनी ऐकले काय हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मी तो कार्यक्रम ऐकण्याच्याच बाजूने पाहिला. सभागृह ७२८ आसनांचे. आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज परत ऐकविणारे जे कर्णे आज रंगमंचाच्या काठावर ओळीने मांडलेले असतात, ते त्या काळी नव्हते. मुलींच्या किंकाळ्यांच्या भिंतीपलीकडे आपण सुरात आहो की नाही हे त्या चौघांना कळण्यास सवयीखेरीज दुसरे साधन नव्हते. असे असता पॉल मॅकार्टनीचा सूर ढळत नाही, आणि रिंगोची मान एखाद्या घड्याळाच्या लंबकाप्रमाणे ठेका धरून राहते, हे पाहून मी मनोमन हात जोडले. परंतु जॉन लेननचा आवाज, विशेषतः दुसऱ्या खेपेच्या गाण्यांत, पातळ येतो. तो ओठ हलवितो आणि गळ्याच्या शिरा ताणतो, तरी आपल्या कानी बहुतांशी मॅकार्टनीच पडतो. तालमीच्या वेळी आवाजाच्या पातळ्या ठरवून मिश्रणफलकावर खडूने खुणा करून ठेविल्या होत्या, आणि मधल्या सुटीत झाडलोट करणाऱ्या माणसाने त्या स्वच्छ पुसून टाकल्या, अशी आठवण पुढे चौकडीकडूनच सांगितली गेली. वाडीच्या मांडवात आम्हीही खडूच्याच खुणा करीत असू, आणि आमच्याही खुणा एका वर्षी प्रसादाच्या ओल्या हाताने पुसल्या गेल्या होत्या. फरक एवढाच की, आमच्यासमोर दोनशे माणसे होती.

त्यानंतर पिकात भेसळ होऊ लागली. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर श्रोते जमले आणि सोहळ्याचे मोठ्या इतमामाने चित्रण झाले; पण मैदानावरचा ध्वनी दाखविण्याजोगा नव्हता, म्हणून पुढच्या जानेवारीत चौकडीने लंडनच्या एका स्टुडिओत बसून, पडद्याकडे पाहत, काही वाद्ये आणि काही गाणी गुपचूप पुन्हा वाजवून दिली, आणि मार्च १९६६ मध्ये बीबीसीच्या प्रेक्षकांनी ते सगळे मैदानातले म्हणूनच ऐकले. त्या चित्रणात लेनन इलेक्ट्रिक ऑर्गनवर कोपर फिरवितो आणि जॉर्ज हॅरिसन हसू आवरू शकत नाही, हे सोळा आणे खरे आहे. त्याखालचा मंद्र स्वर मात्र कोठून आला हे विचारू नये.

याच सुमारास त्यांनी आणखी एक तजवीज केली. प्रत्येक केंद्राच्या कार्यक्रमात जातीने हजर राहण्याचा कंटाळा आल्यामुळे नोव्हेंबर १९६५ मध्ये ट्विकनहॅमच्या चित्रपट-स्टुडिओत एका दिवसात दहा छोटी चित्रणे करून त्यांनी ती केंद्रांना पाठविण्याची सोय केली. ध्वनिमुद्रिका वाजते आणि हे चौघे तिच्यावर ओठ हलवितात, एवढाच मामला. पण त्यांची आणेवारी काढावयास बसलो तेव्हा मीच हसलो, कारण फसवणुकीचा आरोप करावा अशी जागाच त्यांनी ठेविलेली नाही. एका गाण्यात रिंगो ढोल सोडून व्यायामाची सायकल हाकतो, आणि हॅरिसन ध्वनिक्षेपकाऐवजी मुष्टियुद्धाच्या सरावाच्या चेंडूत गातो. तार कोठे जाते हे शोधणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांनी त्या काळीच उत्तर देऊन ठेविले होते.

हसू मावळते ते पुढच्या वर्षापाशी. १६ जून १९६६ रोजी चौकडी बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये प्रत्यक्ष हजर राहिली, मुद्रित ध्वनीवर ओठच हलविले, पण देहाने हजर राहिली. फिती महाग, एकीवर पुन्हा पुन्हा मुद्रण करण्याची वहिवाट, आणि अशा करमणुकीचे जतन करावे असे कोणाच्या स्वप्नातही नाही. तेव्हा ती फीत पुसली गेली. कोणा प्रेक्षकाने आपल्या घरच्या संचाच्या काचेवरून आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने टिपलेली काही मूक दृश्ये २०१९ मध्ये उजेडात आली. मुद्रित ध्वनीवर मूकपणे गाणाऱ्या चौघांचे हे मूक चित्र मी पाहिले तेव्हा आणेवारीचे माझे सारे कोष्टक कोलमडले.

ओठ हलविण्याच्या या चालीस इंग्लंडमधील संगीतकारांच्या संघटनेचा विरोध होता, आणि तो समजण्यासारखा होता: जे गाणे पडद्यावर वाजताना दिसते ते वाजविण्याचा मेहनताना वाजविणाऱ्याला मिळावा, ध्वनिमुद्रिकेने त्याची भाकर हिरावून घेऊ नये, एवढीच तिची कैफियत होती. पण कैफियतीचा कायदा झाला की कायद्याचे शब्द मोजणारे येतात. ‘हॅलो, गुडबाय’ या गाण्याचे चित्रण नोव्हेंबर १९६७ मध्ये झाले तेव्हा गाण्यात व्हायोला वाजतात आणि पडद्यावर व्हायोलावाले नाहीत ही अडचण हेरून, चौकडीचे ध्वनिमुद्रण-निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी व्हायोला वगळलेले एक स्वतंत्र मिश्रण खास त्यासाठी तयार केले. एवढा बंदोबस्त करूनही चौघे ओठ हलवीत आहेत हे लपेना, आणि बीबीसीने ते चित्रण दाखविले नाही. दोन व्हायोला जिवानिशी गेल्या आणि पदरात काही पडले नाही.

या साऱ्या मालिकेतला माझा आवडता प्रसंग मात्र त्याच वर्षीच्या २५ जूनचा आहे, कारण त्यात आणेवारी प्रेक्षकांसमोरच उघड केली गेली. उपग्रहांच्या साहाय्याने अनेक देश जोडणाऱ्या ‘अवर वर्ल्ड’ या कार्यक्रमात ब्रिटनच्या वतीने बीटल्सनी ॲबी रोडवरील मोठ्या स्टुडिओत ‘ऑल यू नीड इज लव्ह’ सादर केले. गाण्याचा पाया अकरा दिवस आधी मुद्रित करून ठेविलेला होता. हार्पसिकॉर्डवर लेनन, उभ्या बासवर गज धरून मॅकार्टनी, आणि हॅरिसनच्या हाती चक्क व्हायोलिन, असा तो गमतीदार पाया. प्रक्षेपणात आधी फीत मागे फिरविलेली ऐकू येते, निवेदक तिच्याविषयी सांगतो, मग वादक आत येतात, आणि त्या पायावर लेननचा कंठ, मॅकार्टनीचा बास, रिंगोचे ढोल, हॅरिसनची एकल गिटार आणि तेरा जणांचा वाद्यमेळ एवढे सगळे प्रत्यक्ष चढते. ठरल्या वेळेच्या सुमारे चाळीस सेकंद आधीच प्रक्षेपण त्यांच्यावर येऊन आदळले, आणि नियंत्रणकक्षात धीर यावा म्हणून व्हिस्कीचे घोट घेणाऱ्या मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांना पेले लपविताना पुरेवाट झाली, असे त्यांनीच नमूद करून ठेविले आहे.

आता लेननकडे पाहावे. तीस-चाळीस कोटी माणसे पाहत असल्याचा अंदाज कानावर आलेला हा मनुष्य च्युइंगगम चघळीत गातो आहे. पण त्याचा हात कानावरच्या हेडफोनकडे वारंवार जातो, आणि दोन ओळींमध्ये तो जो श्वास घेतो त्याला बेफिकिरीचे सोंग वठविता येत नाही. हॅरिसनची एकल गिटार येते, चांगली चालते, आणि शेवटी किंचित अडखळून संपते. गाणे दोन आठवड्यांत ध्वनिमुद्रिकेवर निघाले तेव्हा लेननने काही ओळी पुन्हा गाऊन घेतल्या, आरंभीचा ढोलाचा गडगडाट नव्याने भरला, पण गिटारीचे ते अडखळणे तसेच राहू दिले. माझ्या कोष्टकात त्या रात्रीसमोर दहा आणे असा आकडा आहे. जवळचे दोन आणे मी केवळ त्या अडखळण्यासाठी वाढवून दिले, हे कबूल करतो.

सप्टेंबर १९६८ मधल्या ‘हे ज्यूड’च्या चित्रणात कंठ प्रत्यक्ष आणि वाद्यमेळ फितीवरचा, तीनशेच्या आसपास साधी माणसे शेवटच्या लांबलेल्या आलापात चौकडीभोवती गोळा होतात. दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग. दोन चित्रणांच्या मधल्या रिकाम्या वेळात, कॅमेरे बंद असताना, चौघे त्या जमावासाठी सहज वाजवीत राहिले, आणि लोकांपुढे वाजविण्याची विसरलेली चव त्यांना पुन्हा लागली. त्यातूनच जानेवारी १९६९ मध्ये त्याच लिंडसे-हॉगला घेऊन दूरचित्रवाणीसाठी एक संपूर्ण थेट मैफल करण्याचा घाट घातला गेला. मैफल कोठे करावी यावर खल झाला, हॅरिसन मध्येच रुसून निघून गेला आणि परत आला, आणि शेवटी ३० जानेवारीला स्वतःच्या कचेरीच्या गच्चीवर चढून बेचाळीस मिनिटे वाजविण्यावर प्रकरण येऊन थांबले. दूरचित्रवाणीचा कार्यक्रम झालाच नाही. चित्रपट झाला, आणि घरच्या पडद्यावर ती गच्ची सविस्तर आली ती २०२१ मध्ये, पीटर जॅक्सन यांच्या मालिकेतून.

ती गच्ची मी मोजून सहा वेळा पाहिली. थंडीने बोटे आखडलेली. रिंगोच्या अंगावर बायकोचा तांबडा रेनकोट. वारा ध्वनिक्षेपकात घोंघावू नये म्हणून त्यांवर बायकांचे पायमोजे चढविलेले. लेननला शब्द आठवेनात म्हणून एक मदतनीस त्याच्यापुढे गुडघे टेकून कागद धरून बसलेला. आणि एका गाण्यात तरीही शब्द विसरून तो निरर्थक अक्षरे गातो, आणि मॅकार्टनी हसतो. तारा गच्चीवरून जिन्याने थेट तळघरातल्या मुद्रणयंत्रापर्यंत गेलेल्या. खाली रस्त्यावर रहदारी तुंबलेली, आणि पोलीस वर आलेले. शेवटचे गाणे सुरू होताच चौकडीचा विश्वासू मॅल इव्हान्स पुढे होऊन गिटारींच्या ॲम्प्लिफायरचे खटके बंद करतो, आणि त्यासरशी दोन्ही गिटारी एकदम नाहीशा होतात; उरतात बास, ढोल आणि कंठ. मी हेडफोन कानांवर दाबून धरला. हॅरिसन मागे वळतो, काहीतरी पुटपुटतो, आणि खटका पुन्हा चालू करतो.